मार्च महिन्यातली कुलपं

महाराष्ट्रातल्या ४८ आणि गोव्यातल्या २ लोकसभा सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

मी एका लष्करी डेपोत ३१ वर्षं स्टोअरकीपर होतो. वर्दीतला नव्हे, सिव्हिलियन. कागदावर माझं पद ‘भांडारपाल’ होतं, पण त्या नावाने मला कोणी हाक मारल्याचं आठवत नाही. डेपोचं नाव इथे लिहीत नाही. तिथल्या लोकांनी मला कधी वाईट वागवलं नाही, आणि जे सांगणार आहे ते कुठल्याही डेपोतल्या माणसाला विचारलंत तरी तो मान डोलावेल.

आमचा निवृत्तांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. तिथे संरक्षण खर्चाचा आकडा आला की खाली झेंड्यांची रांग लागते. २०२५-२६ चा आकडा ६ लाख ८१ हजार २१० कोटींचा होता. मला जुनी खोड, मी ३६५ ने भागून टाकलं : दिवसाला १,८६६ कोटी. लगेच एकाने विचारलं, ‘काका, तुम्हाला हे कमी वाटतात की जास्त?’ मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण उत्तर दोन ओळींत मावणारं नव्हतं. ते तुम्हाला लिहितो आहे.

आधी कुलपांची गोष्ट.

एका वर्षी २९ मार्चला संध्याकाळी सव्वापाचला गेटवर टेम्पो आला. आत खोके. खोक्यांत सहा लिव्हरची पितळी कुलपं, ४०० नग. आमच्या शेडना सगळे मिळून साठ-पासष्ट दरवाजे असतील आणि त्या प्रत्येकाला कुलूप होतं. इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, मी केलेलं नव्हतं. हेड क्लार्कना विचारलं, तर ते कागदावरून मान वर न करता म्हणाले, ‘या खर्चाच्या हेडमध्ये पैसे उरले होते. सही करून घ्या, बिल उद्याच पास व्हायचंय.’ मी नग मोजले, बिन कार्ड, म्हणजे त्या मालाच्या आवक-जावकीचं कार्ड, उघडलं, ‘आवक ४००’ लिहिलं. किल्ल्या तारेत ओवून वेगळ्या लाकडी पेटीत आल्या होत्या. पुढे रंगकाम निघालं तेव्हा ती पेटी दुसऱ्या शेडमध्ये हलवली गेली आणि तिथून कुठे गेली हे देवालाच ठाऊक. त्या बिन कार्डावर नऊ वर्षांत ‘जावक’च्या रकान्यात ११ हा आकडा लिहिला गेला. मग निकामी माल ठरवणारा बोर्ड बसला. तीन अधिकारी, चहा, ग्लुकोजची बिस्किटं. कुलपं कंडेम झाली आणि किलोवर भंगारात गेली. त्या महिनाअखेरीस, खोटं सांगत नाही, एका नव्या शेडसाठी १२ कुलपांचं इंडेंट माझ्याच सहीने वर गेलं.

तुम्ही म्हणाल, कुलपांनी देश बुडत नाही. दात कोरून पोट भरत नाही, हे मलाही कळतं. पण ती कुलपं आली का, ते बघा. यात कोणी पैसे खाल्ले नव्हते. निदान माझ्या माहितीत तरी नाही. दरपत्रकं तीन होती आणि सगळ्यात कमी दराचं घेतलं होतं. चोरी झाली असती तर एखादा चोर तरी सापडला असता. इथे सगळ्यांनी नियमानेच काम केलं होतं.

नियम असा. केंद्र सरकारच्या वित्तीय नियमावलीत साफ लिहिलेलं आहे की वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत खर्चाची घाई करणं हा आर्थिक शिस्तीचा भंग आहे. अर्थ मंत्रालयाने वर मर्यादाही घातली आहे : शेवटच्या तिमाहीत ३३ टक्क्यांहून जास्त नाही आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्क्यांहून जास्त नाही. आणि त्याच नियमावलीत असंही आहे की जे पैसे खर्च होणार नाहीत ते वर्ष संपायच्या आत परत करा. ३१ मार्चला रात्री बारा वाजता उरलेलं सगळं लॅप्स, म्हणजे रद्द. ऐकायला दोन्ही नियम शहाणपणाचेच वाटतात.

आता यात माणूस घाला. आमच्याकडे एक मेजरसाहेब आले होते, दक्षिणेकडचे, कमी बोलणारे. डेपोत दरवर्षी नव्या ताडपत्र्या यायच्या. साहेबांनी जुन्या ताडपत्र्या उलगडायला लावल्या, उन्हात पसरून स्वतः फिरून बघितल्या. निम्म्याहून जास्त फक्त कडेला उसवल्या होत्या, रिंगा निघाल्या होत्या. गावातल्या एका शिंप्याला बोलावलं, त्याने गुदामाच्या ओट्यावर मशीन मांडलं आणि सहा आठवड्यांत सगळ्या शिवून दिल्या. त्या हेडमधले चार लाखांच्या आसपास उरले. साहेबांनी ते जानेवारीतच परत केले, नियमात बसवून, वेळेच्या आधी.

पुढच्या वर्षी आमच्या अलॉटमेंटमधून, म्हणजे वर्षाच्या मंजूर रकमेतून, बरोबर तेवढीच रक्कम कापून आली. सोबत पत्र : गेल्या वर्षी मागणी फुगवून का केली होती, याचा खुलासा करावा. साहेबांनी खुलासा लिहिला, मी टाइप केला. हेड क्लार्क मला हळूच म्हणाले, ‘हात दाखवून अवलक्षण.’ त्या वर्षी पावसाने जास्त ताडपत्र्या खरोखरच गेल्या आणि घ्यायला पैसे नव्हते. साहेबांची बदली झाल्यावर आलेल्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात फर्मान काढलं की कुठल्याही हेडमध्ये एक रुपया शिल्लक दिसता कामा नये. ४०० कुलपं आली ती त्यांच्या कारकिर्दीत.

माझं म्हणणं एवढंच आहे. वाचवलेला पैसा जो वाचवतो त्याच्याकडे राहत नाही, उलट त्याचा गुन्हा ठरतो. हे बदललं नाही तर कितीही समित्या नेमा.

आणि समिती नेमलीही होती. गोव्याच्या दोन सदस्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं, कारण ती तुमच्या मनोहर पर्रीकरांनी नेमली होती, ते संरक्षण मंत्री असताना, २०१६ मध्ये. अध्यक्ष लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकर. लढण्याची ताकद वाढवायची आणि खर्चाची घडी नीट बसवायची, हे त्यांचं काम. डिसेंबर २०१६ मध्ये अहवाल गेला. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने लष्कराशी संबंधित ९९ शिफारशींपैकी ६५ मान्य केल्या आणि सुमारे ५७ हजार जवान, अधिकारी आणि सिव्हिलियन यांना जिथे खरी गरज आहे तिथे हलवायचं ठरवलं. शिफारशी पूर्ण राबवल्या तर पाच वर्षांत २५ हजार कोटींपर्यंत वाचतील असा अंदाज तेव्हा छापून आला होता. दात कोरणं म्हणायला हा आकडा जरा मोठा आहे.

त्या शिफारशींतली सगळ्यांना कळेल अशी एक म्हणजे गाई. लष्कराचे स्वतःचे दूधदुभत्याचे गोठे होते, ‘मिलिटरी फार्म’ म्हणायचे. पहिला अलाहाबादला १८८९ मध्ये सुरू झाला, कारण छावणीतल्या गोऱ्या शिपायाला भरवशाचं दूध मिळायला तेव्हा दुसरी सोय नव्हती. १८८९ साली ते बरोबरच होतं. माझ्या नोकरीच्या काळात मात्र रस्त्यापलीकडच्या टपरीवर कात्रज, गोकुळ, चितळे अशा तिन्ही पिशव्या मिळत होत्या आणि तरी देशभर ३९ फार्म चालू होते. पिंपरीतल्या लोकांना वेगळं सांगायला नको, आमच्याकडे ‘डेअरी फार्म’ हा बसचा आणि रिक्षाचा पत्ता आहे. सगळे मिळून २० हजार एकरांच्या आसपास जमीन आणि वर्षाला ३०० कोटींच्या घरातला खर्च. माणसं मात्र कामाची होती. फ्रीजवाल नावाची संकरित गाय त्यांनीच वाढवली आणि वर्षाला साडेतीन कोटी लिटर दूध काढलं, त्यांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. फार्म बंद करायचा निर्णय २०१७ चा, शेवटच्या फार्मला टाळं लागलं ते ३१ मार्च २०२१ ला. पुन्हा ३१ मार्चच, बघा!

गोठ्यांना टाळं लावायला चार वर्षं लागली, तर ज्यांच्यामागे संघटना आहेत, बंगले आहेत, बढत्या अडकल्या आहेत अशा शिफारशींना किती लागली असतील? त्या ९९ चं पुढे काय झालं, याचा एक साधा तक्ता दरवर्षी संसदेपुढे यायला हवा. मान्य, नामंजूर, झालं, नाही झालं, किती वाचले. माझ्या बिन कार्डाला याहून जास्त रकाने असायचे.

आता कोणी म्हणेल, अशा वेळी सैन्याच्या खर्चावर बोट ठेवणं बरं दिसत नाही. पहलगाम झालं, ऑपरेशन सिंदूर झालं. मी म्हणतो, अशा वेळीच ठेवायचं. सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगचा जुलै २०१७ मधला अहवाल काढून बघा. ४० दिवसांच्या घनघोर लढाईला पुरेल एवढा दारूगोळा साठ्यात असावा, असा दंडक. तपासलेल्या १५२ प्रकारांपैकी त्या दंडकाला उतरले फक्त ३१. ६१ प्रकार असे, की दहा दिवसही पुरले नसते. ही सप्टेंबर २०१६ ची स्थिती, म्हणजे उरी हल्ला झाला तो महिना. त्या सप्टेंबरात ३९ फार्मवर धारा नियमित काढल्या जात होत्या. दारूगोळ्याला पैसे कमी पडले ते गाईंमुळे, असं मी म्हणत नाही. इतका बाळबोध हिशोब नसतो. पण पैसे एकाच तिजोरीतले, एवढं खरं.

त्या अहवालानंतर तुमच्याकडून अपेक्षा काय होती? गदारोळ व्हावा. गदारोळ झालाही, पण साठा कमी का, यापेक्षा हे जाहीर का केलं, यावर जास्त. त्यानंतर कॅगने संरक्षणाचे अहवाल संकेतस्थळावर टाकणं थांबवलं. शत्रू वाचेल म्हणून. दारूगोळ्याचे दिवस झाकून ठेवा, ते मला पटतं. मी साठ्याच्या कार्डावर ३१ वर्षं बसलो आहे, काय बोलायचं आणि काय नाही हे मला कळतं. पण खुर्च्या, रंग, दूध, गवत, बंगल्यांची डागडुजी यात कसलं गुपित? साहेब लोकांच्या भेटीआधी रस्त्याकडेच्या दगडांना गेरू आणि चुना लागतो. जवान आपसात म्हणतात, ‘जो हिले उसे सलाम, जो न हिले उसे चूना.’ चुना कोणाला लागतो, हे आपल्या मराठीत वेगळं सांगायला नको.

उधळपट्टीचा दुसरा प्रकार कुलपांसारखा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ३१ मे २०१६, मध्यरात्र उलटल्यावर पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली. दोन अधिकारी गेले, आणि आग विझवायला धावलेले अग्निशमनाचे जवान गेले. वर्धा जिल्ह्यातल्या गावांनी त्या रात्री घरं सोडून शेतं गाठली. पुढे २०२० मध्ये लष्कराच्याच एका अंतर्गत टिपणाची बातमी आली. सदोष दारूगोळ्यापायी २०१४ ते २०२० या काळात ९६० कोटींचं नुकसान, आणि त्यात ३०३ कोटींचे सुरुंग असे की मुदत शिल्लक असताना महाराष्ट्रात नष्ट करावे लागले. त्या ९६० कोटींत १५५ मिलिमीटरच्या सुमारे १०० तोफा आल्या असत्या, असंही त्या टिपणात होतं. दारूगोळा बनवणाऱ्या आयुध निर्माणी मंडळाला हे मान्य नव्हतं, त्यांनी दोष साठवणुकीवर आणि हाताळणीवर ढकलला. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते मंडळच गेलं, ४१ कारखान्यांच्या ७ कंपन्या झाल्या. दारूगोळ्याची कंपनी आता पुण्यात खडकीला आहे, आणि त्या सातांतलीच यंत्र इंडिया नागपूरला. त्यामुळे वस्तू खराब निघाली तर कोणाचं बिल अडवायचं, हे निदान कागदावर तरी स्पष्ट झालं असावं. तुमच्यापैकी पुणे, नागपूर, वर्धा, चंद्रपूर, भंडारा, जळगाव, नाशिक इथल्यांच्या मतदारसंघांत हे कारखाने, डेपो, छावण्या आहेत. त्यांच्या नोकऱ्यांसाठी तुम्ही पत्रं लिहिता, ते योग्यच. एकदा त्यांच्या मालाच्या तपासणीबद्दलही लिहा.

चिपळूणच्या छावणीला शिवाजी महाराजांनी लिहिवलेलं पत्र तुम्ही सगळ्यांनी भाषणात वापरलेलं आहे. रयतेच्या काडीलाही हात लावू नका, एवढंच त्यातलं आपण ऐकतो. मी ते स्टोअरकीपर म्हणून वाचतो. पागेसाठी गवत आणि दाणा जमवलेला आहे, पावसाळा पुढे आहे, आत्ता बेताल खर्च केलात तर पावसात मिळायचं नाही, घोडी मरतील, आणि मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल. दिव्याची वात उंदीर ओढून नेईल, गवताला आग लागेल, तेव्हा दिवे विझवून झोपा. हे सगळं साठ्याचं पत्र आहे! रयतेचा छळ सुरू होतो तो साठा उधळल्यानंतर, हा क्रम त्यात आहे. पुलगाव झालं तेव्हा मला तो उंदीर आठवला होता.

कात्री लावायची वेळ आली की ती सगळ्यात मऊ जागी लागते, हेही पाहून झालं. २०२५-२६ मध्ये नव्या शस्त्रांपासून सगळ्या भांडवली खर्चाला १ लाख ८० हजार कोटी आणि पेन्शनला १ लाख ६० हजार ७९५ कोटी. पेन्शनचा हा आकडा कोणाही अर्थमंत्र्याची झोप उडवील. जून २०२२ मध्ये अग्निपथ आली. चार वर्षं नोकरी, मग चारांतला एक राहणार, तिघे घरी. सरकार सैन्याचं वय कमी करण्याचं कारण देतं, आणि ते कारण खोटं नाही. पण पेन्शनचा आकडा त्या टेबलावर नव्हता, असं कोणी मला सांगू नये. सातारा-सांगलीकडे पहाटे साडेचारला डांबरी रस्त्याने धावणारी पोरं बघितली की मला वाटतं, यांच्या नोकरीची वर्षं कापायच्या आधी आपण मार्च महिना कापून बघितला होता का? माझीही पेन्शन त्याच आकड्यात आहे, म्हणून मी निःपक्षपाती आहे असा दावा करत नाही.

उपाय नवा शोधायचा नाही. न संपणारा निधी, म्हणजे ३१ मार्चला लॅप्स न होणारा, याची घोषणा जसवंतसिंहांनी फेब्रुवारी २००४ च्या हंगामी अर्थसंकल्पात केली होती, २५ हजार कोटींची. सरकार बदललं, घोषणा विरली. पर्रीकरांनी तो विषय पुन्हा काढला. मग पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेच्या आधुनिकीकरणाचा असाच निधी सुचवला, २ लाख ३८ हजार ३५४ कोटींचा, आणि केंद्राने त्याला ‘तत्त्वतः’ मान्यता दिली. ‘तत्त्वतः’ हा शब्द सरकारी कागदात दिसला की मी फाइल बंद करून चहाला जायचो.

मोठ्या खरेदीला तो निधी लागतोच. विमानाचा किंवा तोफेचा करार मार्चच्या तारखेवर जुळत नाही. पण माझी मागणी त्याहून खालच्या पायरीची आहे. ज्या युनिटने, ज्या डेपोने पैसे वाचवले, त्यातला निम्मा वाटा पुढच्या वर्षी त्याच युनिटला मिळावा, आणि परत केलेल्या रकमेवरून पुढचं अलॉटमेंट कापायचं नाही असा लेखी आदेश निघावा. मेजरसाहेबांना शाबासकी नको होती. त्यांना खुलासा मागितला गेला नसता तरी पुरलं असतं.

हे सगळं विचारायची जागा तुमची आहे, आणि तिथेच गाडी अडते. २३ मार्च २०२३ रोजी लोकसभेने सुमारे ४५ लाख कोटींचा अर्थसंकल्प चर्चेविना मंजूर केला. सगळ्या मंत्रालयांच्या मागण्या एकदम, गिलोटिन लावून, म्हणजे चर्चा तोडून थेट मतदानाला टाकून, गोंधळात. त्यात संरक्षणाचीही होती. गोंधळ कोणी घातला आणि का, यात मला पडायचं नाही; दोन्ही बाजूंचे तुम्ही इथे एकाच पत्रात आहात. तीही घाई मार्चमधलीच होती. आमच्या डेपोत निदान टेम्पोतले नग मोजून घेतले जायचे.

तारांकित प्रश्नाला, म्हणजे ज्याचं सभागृहात तोंडी उत्तर मिळतं त्याला, किमान १५ दिवस आधी नोटीस लागते, म्हणून मसुदाच पाठवतो. पन्नासांपैकी कोणीही आपल्या नावाने द्यावा, माझं नाव कुठे नको.

‘संरक्षण मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) शेकटकर समितीच्या ९९ शिफारशींपैकी आजवर किती अमलात आल्या, किती बाकी आहेत, आणि त्यातून वर्षनिहाय किती बचत झाली, (२) बंद केलेल्या ३९ मिलिटरी फार्मच्या जमिनीचा सध्या काय वापर होत आहे, (३) मागील पाच वर्षांत महसुली खर्चापैकी किती टक्के खर्च प्रत्येक वर्षी मार्च महिन्यात झाला, (४) वर्ष संपण्यापूर्वी निधी परत करणाऱ्या युनिटचं पुढील वर्षाचं अलॉटमेंट त्या कारणाने कमी करू नये, असा आदेश आहे काय, नसल्यास, तो केव्हा काढण्यात येईल?’

(३) चं उत्तर ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असं येईल. तेव्हा पुरवणी प्रश्न विचारा की हिशोबखात्याकडे दर महिन्याचा आकडा असतो, मग गोळा काय करायचंय?

आपला,
एक निवृत्त स्टोअरकीपर
पिंपरी